पत्रे खोटी निघाली तेव्हा

टेंभू हे नाव घेतले की आज आपल्या खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातल्या माणसाला पाणी आठवते. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी तालुक्यांत नेणाऱ्या उपसा सिंचन योजनेचे ते नाव आहे. पण योजनेच्या कितीतरी आधी या गावाला एका माणसामुळे ओळख मिळालेली होती. गोपाळ गणेश आगरकर इथले. १८५६ साली इथे त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती अशी की मुलगा कराडला शिकला आणि मामलेदार कचेरीत उमेदवारीही करून आला. पुढचे शिक्षण, पुढची सुधारकी आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. मला आज त्यांच्या सुधारकीविषयी बोलायचे नाही. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांना तुरुंगात जावे लागले, त्या खटल्याविषयी बोलायचे आहे.

हा खटला मला अलीकडे वारंवार आठवतो. हल्ली कुणीतरी मोबाईलसमोर बसतो, थेट प्रक्षेपण सुरू करतो आणि एखाद्या नावाजलेल्या माणसावर आरोप करतो. पुष्कळदा आरोप होतो तो थेट प्रक्षेपण करूनच नावारूपाला आलेल्या माणसावर. रात्रीत लाखो लोक ते पाहतात. कुणाकडे संभाषणाची छायाचित्रे असतात, कुणाकडे ध्वनिफीत. सकाळपर्यंत दोन तट पडलेले असतात, आणि दोन-चार दिवसांत वकिलाची नोटीस येते. लोक म्हणतात, हे सगळे नवीनच काहीतरी निघाले आहे. यंत्र नवीन आहे खरे. बाकी सगळे आपल्या शेजारी, कोल्हापुरात, १८८१ साली घडून गेलेले आहे.

जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि त्यांचे सहकारी ही मंडळी त्यामागे होती. मराठी ‘केसरी’चे संपादन आगरकरांकडे, इंग्रजी ‘मराठ्या’चे टिळकांकडे. दोघेही पंचविशीच्या आतबाहेर. वृत्तपत्र हे तेव्हा तरुण मंडळींच्या हाती आलेले नवे हत्यार होते. सरकारला चार शब्द सुनवायचे आणि ते गावोगावी वाचले जातात हे पाहायचे, यात एक धुंदी असते. आजच्या मुलांना ती ठाऊक आहे.

कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते. आधीचे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासातून परतताना फ्लॉरेन्स शहरात वारले. त्यानंतर १८७१ मध्ये हे दत्तक आले, तेव्हा ते लहान मूल होते. कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चाले आणि कारभारी होते रावबहादुर माधवराव बर्वे. महाराज वयात येऊ लागले तशी त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असे सरकारी गोटातून सांगण्यात येऊ लागले. त्यांच्यावर गोरे पहारेकरी नेमले गेले. लोकांत बोलवा अशी की महाराज ठणठणीत आहेत, छळ करून त्यांना वेडे ठरवले जात आहे. महाराज खरोखर आजारी होते का, यावर तेव्हाही दोन तट होते. पण एका पोरसवदा राजाला परक्यांच्या ताब्यात ठेवून वाईट वागवले जाते, ही भावना साताऱ्यापासून सांगली-मिरजेपर्यंतच्या मुलखाला चटका लावणारी होती.

‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी हे प्रकरण लावून धरले. इथवर त्यांच्याकडे बोट दाखवण्यासारखे काही नाही. पुढे मात्र त्यांच्या हाती काही पत्रे आली. ती बर्व्यांनी लिहिली आहेत असे सांगण्यात आले, आणि ती खरी असती तर महाराजांविरुद्धच्या कारस्थानाचा तो कबुलीजबाबच होता. त्या पत्रांवर भरवसा ठेवून मजकूर छापला गेला. बर्व्यांनी बदनामीची फिर्याद केली.

प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. जामिनाची रक्कम होती दहा हजार रुपये. ती उभी राहिली ती जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने, त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकडून. फुल्यांचे मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातले कटगुण. फुल्यांचे आणि या पुणेकर मंडळींचे फारसे जमत नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या मदतीचे मोल कळते. खटला चालू असतानाच, मार्च १८८२ मध्ये, चिपळूणकर अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. आणि न्यायालयात पत्रे टिकली नाहीत. ती बनावट निघाली. दोघा संपादकांनी माफी मागितली. बर्व्यांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली आणि त्यांची रवानगी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात झाली.

कायदा काय म्हणत होता, ते इथे पाहण्यासारखे आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले बदनामीचे कलम ४९९ अंगावर येणारे असले तरी त्याला अपवाद आहेत. आरोप खरा असेल आणि तो प्रसिद्ध करण्यात लोकांचे हित असेल तर गुन्हा नाही. सार्वजनिक कामाविषयी सद्भावनेने मत दिले असेल तर गुन्हा नाही. आता सद्भावना म्हणजे काय? आपण म्हणू, मन शुद्ध असले म्हणजे झाले. कायदा तसे म्हणत नाही. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असे मानता येणार नाही, अशी त्याची व्याख्या आहे. टिळक-आगरकरांचे मन शुद्ध होते याविषयी त्यांच्या शत्रूनेही शंका घेतली नसती. प्रश्न एवढाच होता की पत्र छापण्याआधी ते कुणी, किती निरखून पाहिले?

याउलट उदाहरण त्याच मुंबईत वीस वर्षांपूर्वी घडले होते. करसनदास मुळजी या गुजराती पत्रकाराने १८६० मध्ये ‘सत्यप्रकाश’ पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांवर भक्त स्त्रियांशी दुराचार केल्याचा आरोप केला. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. भक्तांचा समुदाय अफाट होता. करसनदासांच्या बाजूने साक्षीदार मिळू नयेत म्हणून जातीतून दडपण आले. तरी साक्षी झाल्या. आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी पिंजऱ्यात उभे राहून महाराजांच्या गुप्तरोगाविषयी साक्ष दिली. १८६२ मध्ये आरोपात तथ्य असल्याचे न्यायालयाने मान्य केले आणि करसनदास सुटले. माझ्या मते त्या निकालात संपादकाच्या धाडसापेक्षा डॉक्टरांच्या साक्षीचा वाटा मोठा आहे. डॉक्टर स्वतः पाहिलेले सांगत होते. कोल्हापूरच्या पत्रांबद्दल असे सांगणारा कुणी नव्हता.

आणि ज्याच्यावर आरोप होतो त्याचे काय? त्यासाठी साताऱ्याला जावे लागेल. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर १८३६ मध्ये कंपनी सरकारने ठपका ठेवला की त्यांनी कंपनीच्या देशी पलटणीतल्या अंमलदारांना फितवण्याचा प्रयत्न केला. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत राजाशी संधान बांधल्याची भर पडली. चौकशी झाली ती बंद दाराआड. पुरावा पत्रांचा आणि फोडलेल्या माणसांचा. महाराज उघड चौकशी मागत राहिले. मुंबईचा गव्हर्नर कर्नाक १८३९ मध्ये साताऱ्यास आला आणि त्याने सुचवले की गुन्हा कबूल असल्याच्या कागदावर सही करा, गादी तुमचीच राहील. महाराजांनी सही केली नाही. त्याच सप्टेंबरात त्यांना गादीवरून उतरवून काशीला धाडण्यात आले आणि १८४७ मध्ये ते तिथेच वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये वर्षानुवर्षे अर्जविनंत्या करत राहिले आणि १८५३ मध्ये रित्या हाताने परतले. तोपर्यंत साताऱ्याचे राज्यही खालसा झालेले होते.

ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की मला बर्व्यांविषयी वेगळे वाटू लागते. आपण सगळे टिळक-आगरकरांच्या बाजूने ही हकीकत ऐकत आलो. पण बर्व्यांच्या नावावर खोटी पत्रे खपवली गेली होती आणि त्यांना न्यायालयाचे दार उघडे होते. प्रतापसिंहांना ते मिळाले नाही. कारभारी म्हणून बर्वे कसे होते हा वेगळा प्रश्न. न लिहिलेल्या पत्राचा जाब मात्र कुणालाच द्यावा लागू नये.

ते जुने कलम आजही बऱ्याच अंशी तसेच आहे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ३५६ क्रमांकाने आले, शिक्षेत समाजसेवेचा पर्याय आला, एवढेच. बदनामी हा फौजदारी गुन्हा असावा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१६ मध्ये न्यायालयाने कलम कायम ठेवले. त्याच्या आदल्या वर्षी मात्र त्याच न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले होते. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी अटक झाली, तेव्हा हे कलम किती ढिले आहे ते देशाला कळले होते. थेट प्रक्षेपणातले बोलणे या सगळ्याच्या बाहेर आहे असे पुष्कळ तरुणांना वाटते. तसे ते नाही. उलट छापील मजकुरावर निदान एकदा मुद्रिते तपासताना नजर फिरे. थेट बोलण्यात तीही सवड नसते.

पुन्हा डोंगरीला जाऊ. आगरकरांनी तिथल्या दिवसांवर ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे छोटे पुस्तक लिहिले. ते मिळाले तर जरूर वाचा. दोघे मित्र एका खोलीत होते. रात्र-रात्र ते देशाच्या आणि समाजाच्या प्रश्नांवर इतक्या तावातावाने बोलत की पहारेकऱ्यांना येऊन गप्प करावे लागे. पुढे ज्या मतभेदांनी ही मैत्री तुटली, ते मुद्दे त्या खोलीतच चर्चेला निघालेले होते. याच तुरुंगात आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाच्या भाषांतरावर काम केले. एका राजपुत्राला सगळे वेडा समजतात आणि घरातच विषप्रयोग झालेला असतो, अशी त्या नाटकाची गोष्ट. कोल्हापूरच्या प्रकरणापायी कैदेत पडलेल्या माणसाने नेमके हेच नाटक हाती धरावे, याचे मला नेहमी नवल वाटते.

२६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले. लोकांनी त्यांचे मोठ्या उत्साहाने स्वागत केले. या स्वागताच्या गडबडीत कोल्हापूरच्या महाराजांचा मूळ प्रश्न मागे पडला असे मला वाटते. पत्रे खोटी ठरली होती. महाराजांना कसे वागवले जाते, हे विचारणाऱ्याला आता सरकार त्या पत्रांकडे बोट दाखवू शकत होते. महाराजांना अहमदनगरला नेऊन ठेवले गेले. तिथे २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जराशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय वीस. पुढच्या वर्षी कागलच्या घाटग्यांचा यशवंत दत्तक आला, तो म्हणजे आपले शाहू महाराज. आगरकरांचे हॅम्लेट ‘विकारविलसित’ या नावाने छापून आले तेही १८८३ सालीच.