मावळांतील शिशाची गोळी

श्रोतेहो, लोणावळ्याहून पुण्याकडे येणाऱ्या आगगाडींत खिडकीशीं बसलें म्हणजे उजव्या हातास लोहगड आणि विसापूर हे दोन गड दिसतात. त्यांच्या तटबुरुजांचीं वर्णनें आपण पुष्कळ ऐकलीं आहेत. आज मी तटाविषयीं बोलणार नाहीं. तटावरून सुटणाऱ्या गोळीविषयीं बोलणार आहे. ही गोळी दिसण्यांत सुपारीहूनही लहान. परंतु तिच्या पोटीं इतिहासाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. ज्या डोंगरावरून ती झाडली गेली, त्या डोंगरांत तिचा धातु मुळीं सांपडतच नाहीं!

सह्याद्रीचा काळा खडक हा थिजलेल्या लाव्ह्याचा आहे. त्यांत शिशाची खाण नाहीं. राजस्थानांत उदेपूरजवळ जावर येथें जस्त व शिसें पूर्वापार निघे. परंतु सतराव्या शतकांत पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या शिशाचा मोठा भाग युरोपियन व्यापाऱ्यांच्या गलबतांतून येत होता. दारूस लागणारा सोरा देशांत तयार होई, कोळसा मावळच्या रानांत मिळे. शिशासाठीं मात्र समुद्राकडे तोंड करावें लागे. गडाचा हवालदार कितीही शूर असो, त्याच्या बंदुकीची नाडी बंदरांत होती.

म्हणूनच आपल्या राज्यकर्त्यांनीं या सामानाची मोठी चिंता वाहिली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू वेळोवेळीं बाहेर काढून वाळवावी, अशी बारीक ताकीद आहे. मावळच्या पावसाळ्याचा ज्यास अनुभव आहे, त्यास या ताकिदीचें मोल निराळें सांगावयास नको. आषाढांतील धुक्यांत दारू भिजली, तर गोळी आणि गारगोटी यांत भेद तो काय राहिला?

गोळी ओतण्याचें काम मात्र फार अवघड नव्हे. तांबें वितळावयास हजारांहून अधिक अंशांची उष्णता लागते. शिसें ३२७ अंशांवरच पाण्यासारखें होतें. त्यास साधी कोळशाची शेगडी आणि लोखंडी पळी पुरे. दोन भागांच्या साच्यांत रस ओतावा, तो थिजतांच साचा उघडावा आणि गोळीस राहिलेली शेंडी छाटून टाकावी, एवढेंच हें कसब. पण शिशाची वाफ आणि धूळ विषारी असते. हळूहळू अंगांत मुरून ती माणसास खंगविते. रणांत पडलेल्यांचीं नांवें इतिहासांत राहिलीं; भट्टीपाशीं झिजलेल्यांचीं कोणीं लिहून ठेवलीं?

‘बारा बोअरची बंदूक’ हे शब्द आपल्या कानावरून गेले असतील. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतील एक गोळी जीत नेमकी बसेल, ती बारा बोअरची नळी. बंदुकीचें माप असें शिशाच्या वजनावरून ठरलें. अठराव्या शतकांतील इंग्रज शिपायाच्या बंदुकीस एका पौंडांत सुमारें चौदा गोळ्या होत. समजा, एक हजार शिपायांस प्रत्येकीं साठ गोळ्या द्यावयाच्या. तर केवळ शिसेंच जवळजवळ दोन टन झालें. हें ओझें घाट चढून नेणाऱ्या बैलांचा विचार करा, म्हणजे लढाईचें अर्धें मर्म कळेल.

हेंच मर्म १७७९ च्या जानेवारींत वडगांवला प्रत्ययास आलें. रघुनाथरावांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. बैल आणि सामान यांच्या भारानें ती मुंगीच्या पावलानें सरकत होती. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट पडला. ९ जानेवारीस फौज तळेगांवीं पोंचली, तों गांव जळालेला. चारा नाहीं, दाणा नाहीं. महादजी शिंदे, तुकोजी होळकर व हरिपंत फडके यांच्या फौजांनीं चहूंकडून कोंडी केली. ११ तारखेच्या रात्रीं इंग्रजांनीं जड तोफा तळ्यांत ढकलल्या, सामान जाळलें आणि माघार घेतली. दुसरे दिवशीं वडगांवीं ते पुरे वेढले गेले व पुढें थोड्याच दिवसांत त्यांस तह करावा लागला. मुंबईकरांनीं मागाहून तो तह नाकारला, ही गोष्ट निराळी.

या विजयाची किंमत मात्र आपल्याच तळेगांवकरांनीं घरें जाळून घेऊन दिली, हें विसरूं नये. आणि मावळच्या मनाचा मोठेपणा असा, कीं चालून आलेल्या त्या स्ट्यूअर्टासच लोकांनीं ‘इष्टुर फाकडा’ म्हणून गौरविलें आणि वडगांवीं त्याची समाधि जपली.

पुढें काळ पालटला. १८१८ सालीं लोहगड व विसापूर इंग्रजांच्या हातीं गेले. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी चालूं झाली आणि १८६९ सालीं खडकीस काडतुसांचा कारखाना उभा राहिला. शेगडी आणि पळी यांची जागा यंत्रांनीं घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभास आपोआप भरणारें पिस्तूल प्रचारांत आलें. त्याचें नऊ मिलिमीटरचें प्रसिद्ध काडतूस १९०२ चें. जुन्या बंदुकीच्या नळींत गोळी सैल बसे, म्हणून ओतणाऱ्याच्या हातची लहानसहान चूक खपून जाई. या पिस्तुलांत मात्र एका बाराच्या धक्क्यानेंच पुढचें काडतूस नळींत सरकतें. गोळी किंचित् वांकडी वा मऊ असली, तर यंत्र अडून बसतें. यासाठीं शिशांत कथील व अँटिमनी मिसळून तें कठीण करितात किंवा त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचें वेष्टन चढवितात. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र कायद्यानें परवान्यावांचून काडतूस तयार करणें हा गुन्हा आहे. आणि तें योग्यच होय.

खडकीचा तो कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीच्या ताब्यांत आहे. लोहगडापासून तो फार दूर नाहीं. पण गडावरील हवालदारास जी चिंता होती, तीच आजच्या राष्ट्रासही आहे. शौर्य घरचें असून भागत नाहीं. शिसेंही घरचें असावें लागतें. आणि तें हातीं आल्यावर केव्हां झाडावयाचें नाहीं, हें ठरविणारा विवेक तर कोणत्याही बंदरांतून विकत आणतां येत नाहीं. पुढच्या खेपेस लोणावळ्यावरून जातांना गडांकडे दृष्टि गेली, तर श्रोतेहो, या लहानशा गोळीचीही आठवण करा.