चेहरा कोणाचा?

आपल्यात मय्यतीचा चेहरा शेवटचा एकदा पाहिला, की कफन सारखे केले जाते. मग तो चेहरा मातीचा. म्हणून मृताच्या चेहऱ्याचा साचा घेऊन तो पिढ्यान्पिढ्या जपण्याची युरोपातील रीत वाचताना आपण थबकतो. पण ती हसण्यावारीही नेता येत नाही. ज्यांच्या आजोबांचा एकही फोटो घरात नाही, असे आपल्यात पुष्कळ आहोत.

प्राचीन रोमचे उमराव पूर्वजांचे मेणाचे मुखवटे दालनात ठेवत. घरात कुणी वारले की ते चढवून माणसे अंत्ययात्रेत चालत. पुढे प्लास्टर आले. भुवयांना, दाढीला तेल लावायचे, नाहीतर केस उपटून येतात. आधी पातळ थर, त्यावर जाड. घट्ट झाला की उचलायचा आणि आतल्या उलट्या ठशात पुन्हा प्लास्टर ओतायचे. काम साधे, पण घाईचे. उशीर झाला तर गाल बसतात, नाक टोकदार होते आणि साचा तेच टिपतो.

नेपोलियनच्या बाबतीत उशीर झालाच. ५ मे १८२१ रोजी तो सेंट हेलेना बेटावर वारला. तिथे चांगले प्लास्टर मिळेना. फ्रान्सिस बर्टन या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी बेटावरच जिप्सम शोधले आणि ७ मेला साचा घेतला. नेपोलियनचे डॉक्टर अँतोमार्की हजर होते. नंतर पाहतात तर चेहऱ्याचा भाग गायब! नेपोलियनचे सेनानी बर्त्राँ यांच्या पत्नीने तो नेला होता. बर्टन यांच्याकडे डोक्याचा मागचा भाग तेवढा उरला. लंडनला परतल्यावर त्यांनी कायद्याचा आधार घेतला, हाती काही लागले नाही. ते वारल्यावर १८३३ मध्ये अँतोमार्की यांनी वर्गणी जमवून मुखवट्याच्या प्रती विकायला काढल्या, त्याही स्वतःच्या नावाने. हा चेहरा नेपोलियनचाच का, यावर तेव्हापासून वाद आहे. इतक्या दाव्यांत मेलेल्याची मर्जी कुणी विचारल्याचे मात्र दिसत नाही.

१८३४ मध्ये अँतोमार्की यांनी एक कांस्य प्रत अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराला भेट दिली. ती पुढे हरवली. १८६६ मध्ये भंगाराच्या गाडीवर एका माजी अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. १९०९ मध्ये ती शहराकडे परत आली.