फेब्रुवारीतलं जव्हार

ज्यांना ऐकायला जमलं नाही, किंवा जे एसटीत बसलेत आणि घाटात रेंज गेलीय, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत, सांभाळून घ्या.

सुरुवात एका सोप्या प्रश्नानं करू. जव्हार तालुक्यात माणसं किती राहतात? फोनवर शोधलं तर दोन सेकंदात उत्तर येतं: 1,40,187. शेजारच्या मोखाड्यात 83,453. दोन्ही आकडे 2011 च्या जनगणनेचे. दोन्ही तालुक्यांत दर दहा माणसांमागे नऊपेक्षा जास्त आदिवासी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, ढोर कोळी. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाला एवढं पुरतं.

आपण मात्र त्या प्रश्नातल्या एका शब्दावर थांबणार आहोत. ‘राहतात’.

जामसर घ्या. जव्हार तालुक्यातलं गाव. जामसरच्या बाजूच्या पाड्यांवर ऑगस्टमध्ये गेलात तर माणसंच माणसं. आवणी चाललेली असते, उतारावर नागली हिरवीगार, पोरं चिखलात. त्याच पाड्यांवर जानेवारीत जा. बऱ्याच घरांना ताटी लावून बंद केलेलं. एखादी म्हातारी, दोन-चार शेळ्या, कोंबड्या. बाकीचे कुठायत? विचारलं तर उत्तर एका शब्दात येतं, ‘भट्टीवर’. भिवंडी, वाडा, वसई, शहापूर, जिथं जिथं विटा पडतात तिथं.

म्हणजे हे गाव वर्षातून दोनदा वेगळं दिसतं. मग त्याची लोकसंख्या कुठल्या महिन्यातली धरायची? हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. पण त्याआधी जरा मागं जाऊ, कारण या भागात मोजमापाचा इतिहास फार जुना आहे. आणि तो सुरू होतो एका चलाखीपासून.

जव्हार संस्थानाची जुनी गोष्ट अशी. हा मुलूख आधी एका वारली नाईकाकडं होता. पौपेरा नावाचा एक कोळी सरदार त्याच्याकडं गेला आणि म्हणाला, मला बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन द्या. वारली नाईक हो म्हणाला. एक कातडं ते केवढं! पौपेरानं त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, त्या एकाला एक जोडल्या आणि त्या दोरानं सगळा मुलूखच घेरला. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये ही गोष्ट नोंदलेली आहे, आणि तिथंच म्हटलंय की आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीबद्दलही हीच गोष्ट सांगतात. आता ती खरी का खोटी यावर डोकं लावू नका. मला तिच्यात वेगळंच दिसतं. मोजायचं कसं हे ज्याच्या हातात, जमीन त्याची. वारली नाईकाला आकडा कळला होता, मोजण्याची पद्धत कळली नाही.

पुढं 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानानं या मुकणे घराण्याला मान्यता दिली. घराणं टिकलं ते थेट 1948 पर्यंत, संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत. सहाशे वर्षं! पेशवाईत मुलूख आक्रसत गेला आणि इंग्रजांच्या काळात उरला 310 चौरस मैल. 1901 च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या भरली 47,538. म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण 59 माणसं. लक्षात घ्या, छप्पन्नाचा मोठा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला होता.

आणि मोखाडा? मोखाडा संस्थानात नव्हता. तो इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा एक पेठा होता. आज आपण ‘जव्हार-मोखाडा’ असं एका दमात म्हणतो, पण शंभर वर्षांपूर्वी मधे सरहद्द होती. अलीकडं महाराजांचं राज्य, पलीकडं कलेक्टरचं. माणसं दोन्हीकडं तीच, नागली-वरई तीच, पाऊस तोच.

आणि कमाईचं साधनही दोन्हीकडं तेच, जंगल. पण ज्यांच्या घराभोवती ते जंगल होतं, त्यांच्या वाट्याला लाकूडतोडीची आणि वाहतुकीची मजुरी आली. जमीन हळूहळू सावकाराच्या वहीत गेली. वहीत काय लिहिलंय ते ज्याचा अंगठा त्याला वाचता येत नव्हतं. वेठबिगारी होती, लग्नासाठी कर्ज काढून जन्मभर मालकाकडं राबणारे लग्नगडी होते. 1945 मध्ये डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला, तो याच सगळ्याविरुद्ध. त्यावर वेगळा भाग करूच, कारण दोन वाक्यांत उरकणं बरोबर नाही.

आता भट्टीकडं येऊ. वीटभट्टीचं गणित एकदा नीट समजून घ्या, कारण या दोन तालुक्यांची अर्थव्यवस्था म्हणजे अर्धी शेती आणि अर्धी भट्टी.

जमीन कमी, तीही उताराची. एप्रिल-मेमध्ये राब भाजायचा, पावसात भात, नागली, वरई लावायची, थोडा उडीद, थोडी खुरासणी. पाऊस धो धो पडतो, अडीच हजार मिलिमीटरच्या वर, पण तो उतारावरून वाहून जातो. दुसरं पीक घ्यायला ओल राहत नाही. म्हणजे घरात दाणा येतो एकदाच. तो पुरेल तेवढा पुरतो. पुढच्या आषाढ-श्रावणात तो संपलेला असतो आणि नवीन पीक अजून शेतात उभं असतं. याच दिवसांत भट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम पाड्यावर येतो. तो बयाणा देतो. आगाऊ पैसे. त्या पैशात तांदूळ येतो, औषध येतं, कधी लग्न होतं. आणि दिवाळी झाली की टेम्पो येतो. त्यात नवरा, बायको, पोरं, भांडी, कोंबड्यासुद्धा.

मजुरी हजार विटांमागे. ती एका माणसाची नसते, जोडप्याची असते. चिखल तुडवायचा, साच्यात घालायचा, पालथं घालून वाळवायचं. पोरं विटा उलथायला मदत करतात, त्याचा हिशेब वेगळा नाही. आठवड्याला खर्ची मिळते, बाजार करण्यापुरती. हंगाम संपल्यावर बयाणा आणि खर्ची वजा करून उरलेले पैसे. उरले तर. नाही उरले तर बाकी पुढच्या वर्षावर, म्हणजे पुढच्या वर्षीही त्याच मालकाकडं. 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा कर्जापोटी माणूस बांधून ठेवायला मनाई करतो. या पट्ट्यात श्रमजीवी संघटनेसारख्यांनी त्याच कायद्याच्या आधारे लढे दिले. विधायक संसदेनं भट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर राहायचं खोपट. शाळा पोरांकडं गेली, कारण पोरं शाळेत राहू शकत नव्हती.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. भट्टी म्हणजे नुसतं दुःख असं रंगवू नका. जाणारे लोक हिशेब करूनच जातात. गावात रोजगार हमीचं काम मिळालं आणि पैसे वेळेवर आले तर कोण जाईल पोरं घेऊन धुळीत? ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना देशाला महाराष्ट्रानंच दिली, 1977 च्या कायद्यानं. पण भुकेच्या आठवड्यात बयाणा हातात पडतो रोख, आणि हमीची मजुरी येते मस्टर, बँक, खातं असं करत. तिथं हमी हरते.

आता परत आकड्याकडं.

भारताच्या जनगणनेत माणसं मोजली जातात फेब्रुवारीत. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी अशी झाली, आणि आकडा धरला 1 मार्चच्या सुरुवातीचा. नियम असा की, या वीस दिवसांत माणूस आपल्या नेहमीच्या घरी कधीतरी असेल किंवा परत येणार असेल, तर तो घरी मोजायचा. पूर्ण काळ बाहेर असेल तर तो जिथं असेल तिथं मोजायचा.

कळलं? दिवाळीनंतर गेलेलं कुटुंब परत येतं कधी? शिमग्याला. होळीला भट्टी थोडे दिवस थांबते, माणसं खर्ची घेऊन गावाला येतात, बोहाडा बघतात, मुखवटे नाचतात, मग परत जातात ते पावसाच्या तोंडावर येण्यासाठी. 2011 ची होळी होती 19 मार्चला. मोजणारे जाऊन तीन आठवडे झाले होते.

म्हणजे ते 1,40,187 हे फेब्रुवारीतलं जव्हार आहे. ऑगस्टमधलं नाही. भट्टीवरचं कुटुंब नियमाप्रमाणं भिवंडीत किंवा वसईत धरलं जायला हवं. गावाच्या टोकाला, खाडीच्या कडेला, भोंग्यात राहणाऱ्यांपर्यंत प्रगणक पोचला असेल तर.

‘मग काय फरक पडतो, देशात कुठंतरी मोजले ना?’ असं कुणी म्हणेल. फरक पडतो. आदिवासी आणि डोंगरी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. जामसरला असं केंद्र आहे. त्याच्यावरचा खरा भार येतो पावसाळ्यात, सगळे घरी असताना, दाणा संपलेला असताना, ओढ्यांना पाणी आणि रस्ते बंद असताना. निकष लागतो फेब्रुवारीच्या माणसांवर. रेशनचं गणितही अन्न सुरक्षा कायद्यात 2011 च्याच आकड्यांवर बसवलेलं आहे.

1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं सव्वाशेच्या आसपास बालकं गेली. देशभर बातमी झाली, मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक होते, पुढं जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आलं. 2016 मध्ये मोखाड्यातल्या खोचचं नाव पुन्हा याच कारणानं पेपरात आलं. मधे चोवीस वर्षं. दोन्ही वेळा चर्चा झाली ती आहाराची, डॉक्टरांची, निधीची. कुठल्या महिन्यात कुठलं पोर कुठल्या अंगणवाडीच्या वहीत आहे, हा प्रश्न त्यामानानं कमी विचारला गेला. भट्टीवरून परत आलेलं पोर पावसाळ्यात गावाच्या वहीत नव्यानं येतं, तोवर त्याचं वजन कुणी केलेलं असतंच असं नाही.

याच्यावर आणखी एक पडदा आहे, सरासरीचा. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. 2011 च्या हिशेबानं जिल्ह्याची लोकसंख्या 29,90,116. त्यात एकट्या वसई तालुक्याची 13,43,402. जव्हार आणि मोखाडा मिळून साडेसात टक्के. जिल्ह्याची कुठलीही सरासरी काढा, ती बोलते वसई-विरारच्या लोकलमधल्या माणसाची. आणि जुने आकडे लावून तुलना करायला जाल तर तिथंही पाय घसरतो, कारण 1999 मध्ये विक्रमगड तालुका वेगळा झाला. जव्हारच्या आकड्यातली माणसं गेली नाहीत, रेघ हलली.

थोडं लांब जाऊ, पूर्व आफ्रिकेत. का, तर आपली नागली मुळात तिथली. इथिओपिया-युगांडाकडच्या डोंगरात ती पहिल्यांदा पिकली आणि हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडं आली. केनियात तिला विम्बी म्हणतात. त्या केनियात 2013 पासून 47 काउंटी आहेत आणि केंद्राचा पैसा वाटताना लोकसंख्या बघितली जाते. उत्तरेकडच्या कोरड्या भागात गुरं घेऊन फिरणारे लोक. 2009 च्या जनगणनेत तिथल्या आठ जिल्ह्यांचे आकडे एवढे फुगलेले वाटले की सरकारनं ते फेटाळले, आणि भांडण कोर्टात गेलं. तिथं फिरत्या माणसांचा आकडा जास्त आला म्हणून आरडाओरडा झाला. आपल्याकडं कमी आला असेल तर ओरडणार कोण? जो मोजला गेला नाही तो तेव्हा विटा थापत होता.

जाता जाता पाण्याचं. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, 102 मीटर उंच, 2014 पासून मुंबईला पाणी देतं. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. मुंबईला किती लिटर पाणी लागतं ते लिटरपर्यंत मोजलेलं आहे. बस, एवढंच.

2021 ची जनगणना झालीच नाही, कोविडमुळं पुढं गेली. आता माणसं मोजणार फेब्रुवारी 2027 मध्ये, आकडा 1 मार्च 2027 चा. होळी पुन्हा मार्चच्या शेवटाकडं. म्हणजे भट्ट्या पुन्हा भर हंगामात. यावेळी मोजणी मोबाईल ॲपवर आहे, स्वतः माहिती भरायचीही सोय असणार आहे. तुमच्यातले बरेच जण घरातले पहिले स्मार्टफोनवाले आहात, आणि काहींचे आई-बाप तेव्हा भट्टीवरच असतील. तिथं प्रगणक आला का, हे त्यांना फोन करून विचारायला एक मिनिट लागतं.

आणि एक विनंती. 2011 च्या फेब्रुवारीत तुमच्या घरातलं कुणी भट्टीवर असेल, तर घरी विचारून बघा, तेव्हा भोंग्यात कुणी वही घेऊन आलं होतं का? आलं असेल तर गाव कुठलं लिहिलं? मला व्हॉईस नोट पाठवा, नाव नका सांगू, फक्त तालुका सांगा. पुढच्या भागात तेच ऐकू.