मातेकडून अपत्याकडे होणारा हिपॅटायटिस-बी : तैवानमधील प्रतिबंधाचा इतिहास (१९७५-१९९७)

प्रस्तावना :
रोगप्रतिबंधाच्या इतिहासात लसीच्या शोधाला मानाचे स्थान मिळते. परंतु ती लस प्रथम कोणाला व केव्हा द्यावयाची, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असतो. तैवानचा हिपॅटायटिस-बी प्रतिबंधक कार्यक्रम हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्याचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

संसर्गमार्गाचा शोध :
बरुच ब्लूमबर्ग यांनी १९६५ मध्ये 'ऑस्ट्रेलिया प्रतिजना'ची नोंद प्रसिद्ध केली. पुढे तो याच विषाणूचा अंश असल्याचे सिद्ध झाले व रक्ततपासणीने निरोगी दिसणारे वाहकही ओळखता येऊ लागले. तैवानमध्ये पामर बीसली व सहकाऱ्यांनी मातेकडून अपत्याकडे होणाऱ्या संसर्गाचा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. प्रौढपणी संसर्ग झालेल्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोक कायमचे वाहक बनतात. जन्मसमयी संसर्ग झाल्यास हे प्रमाण सुमारे ९० टक्के असते. बीसली यांनीच २२,७०७ पुरुषांच्या पाहणीतून वाहकावस्था व यकृताचा कर्करोग यांचा संबंध १९८१ मध्ये दाखवून दिला. जन्माच्या वेळी जडलेला विषाणू अनेक दशकांनी प्राणघातक ठरत होता.

कार्यक्रमाची अंमलबजावणी :
त्या काळी ही लस मानवी रक्तद्रवापासून तयार होत असे व ती महाग होती. म्हणून जुलै १९८४ मध्ये प्रथम वाहक मातांच्या नवजात बालकांना ती देण्यात आली. जुलै १९८६ पासून सर्व नवजात बालकांचा समावेश झाला. अतिसंसर्गजन्य मातांच्या बालकांना जन्मानंतर २४ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनही दिले जाई. यासाठी गरोदरपणीच मातेची तपासणी होणे अपरिहार्य होते.

निष्कर्ष :
मेई-ह्वेई चांग व सहकाऱ्यांच्या १९९७ मधील अभ्यासानुसार, ६ ते १४ वयोगटातील यकृत कर्करोगाचे वार्षिक प्रमाण दर लाखी ०.७० वरून ०.३६ वर आले. लसीकरणाने मानवी कर्करोग टाळता येतो, याचा हा आरंभीचा भक्कम पुरावा ठरला. भारतात ही लस २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू होऊन २०११-१२ पर्यंत देशभर लागू झाली. तथापि, दवाखान्याबाहेर जन्मलेल्या बालकापर्यंत पहिल्या २४ तासांत लस पोहोचविणे कठीणच असते. म्हणूनच लसीच्या उपलब्धतेइतकेच सुईण, परिचारिका व प्रसूतिगृह यांच्या वेळेवरील सेवेला महत्त्व आहे, हे तैवानच्या इतिहासातून स्पष्ट होते.