कातेतील स्वसंरक्षण : ओकिनावातील कराटे परंपरेचा ऐतिहासिक अन्वय

प्रास्ताविक

कराटेच्या शिक्षणात ‘काता’ या अभ्यासप्रकाराला मध्यवर्ती स्थान आहे. ठरावीक क्रमाने आणि ठरावीक दिशांनी एकट्याने करावयाच्या हालचालींची बद्ध रचना म्हणजे काता. या हालचालींचे झुंजीतील अर्थ उलगडण्याच्या पद्धतीस ‘बुंकाई’ म्हणतात. अलीकडे अनेक अभ्यासक कातांमध्ये व्यवहार्य स्वसंरक्षणाची तंत्रे शोधत आहेत. हा शोध हरवलेल्या ज्ञानाची पुनर्प्राप्ती आहे की नव्या अर्थाचे आरोपण, हे इतिहासाच्या आधारेच तपासावे लागते.

गुरुगृहातून शाळेत

१८७९ मध्ये जपानने र्‍युक्यूचे राज्य खालसा करून ओकिनावा प्रांत निर्माण केला. तोवर मोजक्या शिष्यांना खाजगीरीत्या शिकविली जाणारी ही विद्या इतोसू आंको (१८३१-१९१५) यांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये शुरी येथील प्राथमिक शाळेत पोहोचली. विद्यार्थ्यांसाठी ‘पिनान’ या पाच कातांची मांडणी त्यांनीच केली. मोठ्या वर्गाला एका आज्ञेवर कवायत देताना हालचाल शिकविता येते. परंतु सांधा पिळणे किंवा गळा आवळणे यांसारखे घातक प्रयोग मुलांना शिकविणे योग्य ठरत नाही. त्यामुळे काता सर्वांपर्यंत गेली, तिचा अर्थ मात्र मागे राहिला.

इतोसूंना या अंतराची जाणीव होती, असे त्यांच्या १९०८ च्या दहा कलमी पत्रावरून दिसते. कराटेचा हेतू एका प्रतिस्पर्ध्याशी द्वंद्व करणे हा नसून दुष्ट वा गुंडाच्या हल्ल्यातून इजा न होता निभावणे हा आहे, असे ते सांगतात. प्रत्येक हालचालीचा अर्थ जाणून ती केव्हा वापरावी हे ठरवावे, तसेच पकड सोडविण्याच्या व हात धरण्याच्या रीतींपैकी बरेच काही मौखिक परंपरेने दिले जाते, असेही ते नमूद करतात. सूत्र लिहिले गेले आणि भाष्य गुरुमुखी राहिले, असा हा प्रकार होय.

अर्थशोधाचे स्वरूप

‘गेदान बाराई’ ही हालचाल उदाहरणादाखल घेता येईल. एक हात विरुद्ध कानाजवळून खाली येतो आणि दुसरी मूठ कमरेशी ओढली जाते. प्राथमिक वर्गात ही लाथ अडविण्याची क्रिया म्हणून शिकवितात. मात्र तसे मानल्यास कमरेशी ओढलेल्या मुठीला काहीच काम उरत नाही. त्या मुठीत हल्लेखोराचे मनगट आहे असे मानले, तर एका हाताने खेचणे आणि दुसऱ्या हाताने त्याच्या कोपरावर दाब देणे असा सुसंगत डाव दिसतो. फुनाकोशी गिचिन यांच्या १९३५ च्या ग्रंथात प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचे डावही आहेत. कराटे म्हणजे केवळ ठोसे आणि लाथा नव्हेत, याचा तो पुरावा होय.

तथापि या शोधाला मर्यादा आहेत. १९२२ नंतर जपानच्या मुख्य भूमीवर प्रसार होताना काताच बदलत गेली. पिनानमधील काही समोरच्या लाथांच्या जागी शोतोकान परंपरेत बाजूच्या लाथा आल्या. १९५७ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या आणि काता व कुमिते यांतील अंतर वाढले. २०२१ मध्ये टोकियोत पार पडलेल्या ऑलिम्पिकमध्येही हे दोन स्वतंत्र क्रीडाप्रकार होते. बदललेल्या हालचालीतून मूळ अर्थ काढणे धोक्याचे आहे.

समारोप

म्हणून बुंकाईचे दोन दावे वेगळे ठेवणे आवश्यक आहे. कातेत स्वसंरक्षणाचा आशय होता, हा दावा इतोसूंच्या पत्राने सिद्ध होतो. अमुक हालचालीचा अमुक हाच मूळ अर्थ होता, हा दावा बहुधा सिद्ध करता येत नाही. अशा अर्थाची कसोटी परंपरेचे नाव ही नसून विरोध करणाऱ्या जोडीदारासमोर होणारा प्रयोग हीच असू शकते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला चुकीचा अर्थ पुढे दुरुस्त करता येतो. त्यावर विसंबून हल्ल्याला सामोऱ्या जाणाऱ्यास ती सवलत नसते.