बेथेस्दा : एका स्वतंत्र मंडळीची वाटचाल

13 ऑगस्ट 1832 च्या संध्याकाळी ब्रिस्टल शहरातील बेथेस्दा नावाच्या प्रार्थनामंदिरात सात माणसे एकत्र आली आणि त्यांनी एक मंडळी स्थापन केली. त्यांत दोन तरुण उपदेशक होते, आणखी एक पुरुष होता आणि चार स्त्रिया. त्यांनी घटना लिहिली नाही, श्रद्धेची कलमे ठरवली नाहीत, कोणत्या पंथात नावही नोंदवले नाही. पवित्र शास्त्रातून जसजसे उमगेल तसतसे वागायचे, एवढेच ठरले.

बायबलला अंतिम अधिकार मानणाऱ्या, वैयक्तिक पश्चात्तापावर आणि विश्वासावर भर देणाऱ्या, डोक्यावर बिशप किंवा सिनड नसलेल्या लहान मंडळ्या आज जगभर आहेत. अशी मंडळी नेमकी कशावर चालते, हे पाहण्यासाठी बेथेस्दाइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. लिखित नियम नसल्याने तिला प्रत्येक प्रश्न प्रसंग येईल तेव्हा सोडवावा लागला. त्यामुळे तिच्या श्रद्धा जाहीरनाम्यात शोधून उपयोग नाही. बाकांचे काय केले, दानपेटी कुठे ठेवली, प्रभुभोजनाला कोणाला बसवले, यांतच त्या वाचाव्या लागतात.

टाइनमथची पूर्वतयारी

उपदेशकांपैकी जॉर्ज म्युलर प्रशियात 1805 साली जन्मला. तरुणपणी उधळ्या, खोटारडा आणि खानावळीचे बिल बुडवल्याबद्दल तुरुंगातही जाऊन आलेला. हाले विद्यापीठात ईश्वरविज्ञान शिकत असताना 1825 मध्ये एका घरगुती प्रार्थनासभेत तो गेला आणि तिथून त्याचे आयुष्य बदलले. यहुदी लोकांत सुवार्ताकार्य करणाऱ्या संस्थेकडून तो 1829 मध्ये लंडनला आला, पण वर्षभरातच तिच्या बंधनातून मोकळा झाला. डेव्हन परगण्यात टाइनमथ येथील एका लहानशा मंडळीने त्याला पाळक म्हणून बोलावले. जवळच शाल्डनला हेन्री क्रेक हा स्कॉटिश पाळक होता. तोही 1805 चाच, हिब्रूचा पक्का अभ्यासक. दोघांची मैत्री छत्तीस वर्षे टिकली.

टाइनमथला म्युलरचे वार्षिक वेतन 55 पौंड होते आणि ते बाकांच्या भाड्यातून येई. त्या काळी इंग्लंडच्या चर्चमध्ये ही सर्रास रीत होती. नाट्यगृहात तिकिटाच्या दरानुसार रांग ठरते तसा प्रकार : ऐपतवाल्याला चांगली जागा, गरिबाला मागची. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभेत श्रीमंताला मानाची जागा देणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केली आहे. ती वाचून म्युलरने 1830 च्या ऑक्टोबरात बाकांचे भाडे बंद केले आणि त्याबरोबर स्वतःचा ठरलेला पगारही. प्रार्थनामंदिरात पेटी ठेवली. ज्याला जे द्यायचे ते त्याने गुपचूप टाकावे. घरात पैसे संपले तरी कोणाला सांगायचे नाही, फक्त देवाला सांगायचे, हा निर्णय त्याने आणि त्याच्या पत्नीने मिळून घेतला. लग्नाला तेव्हा महिनाही झाला नव्हता.

पत्नी मेरी ही अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज यांची बहीण. ग्रोव्ह्ज एक्सेटरचे दंतवैद्य. भरभराटीचा व्यवसाय सोडून ते 1829 मध्ये बगदादला सुवार्तिक म्हणून गेले होते. त्यांच्या मागे ना संस्था, ना वेतन. क्रेकही पूर्वी याच कुटुंबात मुलांचा शिक्षक होता. बेथेस्दाच्या अनेक कल्पना या घरात आधीच रुजल्या होत्या.

पटकीच्या साथीतले पहिले दिवस

1832 च्या मे महिन्यात दोघे मित्र ब्रिस्टलला राहायला आले. शहर तेव्हा अस्वस्थ होते. मतदानसुधारणेचे विधेयक फेटाळले गेल्यामुळे आदल्याच वर्षी, ऑक्टोबरात, मोठी दंगल उसळली होती आणि क्वीन स्क्वेअरमधल्या इमारती जळाल्या होत्या. आता पटकीची साथ शिरली. गिडिअन प्रार्थनामंदिरात रोज सकाळी सहा ते आठ प्रार्थना सुरू झाली आणि शेकडो माणसे येऊ लागली. दिवसभर आजाऱ्यांच्या घरी जायचे आणि संध्याकाळी उपदेश, असा दोघांचा क्रम होता. बेथेस्दाची ती सात जणांची सभा याच दिवसांतली. ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरील ही मोठी वास्तू रिकामी होती म्हणून भाड्याने मिळाली. गिडिअनचे काम 1840 पर्यंत चालले; मग सारे बळ बेथेस्दाकडे वळले.

उपासना साधी होती. दर रविवारी भाकर मोडायची, म्हणजे प्रभुभोजन घ्यायचे. महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा नव्हे. ते केवळ दीक्षित पाळकाच्याच हातून व्हावे असा दंडक नव्हता. विश्वासणारा प्रत्येक जण याजक आहे, असे ही माणसे मानत. म्हणून प्रार्थना करणे, गीत सुचवणे, शास्त्रातील भाग वाचून त्यावर बोलणे यांची मुभा सभेतल्या भावांना होती. पुढे 1839 मध्ये दोघा उपदेशकांनी काही दिवस एकांतात जाऊन वडिलांचे, म्हणजे मंडळीतील ज्येष्ठ देखरेखकांचे, अधिकार आणि शिस्त यांचा नव्याने अभ्यास केला. वडील मंडळीवर देखरेख करतात, पण मालकी गाजवत नाहीत, अशी मांडणी तिथून आली.

पेटी काढली

ब्रिस्टलमध्येही सुरुवातीला पेट्या होत्या आणि त्यांवर म्युलर आणि क्रेक यांची नावे होती. 1841 मध्ये त्या काढून टाकण्यात आल्या. मंडळीत इतरही भाऊ सेवा करतात; पेटीवर दोघांचीच नावे राहिली तर बाकीच्यांपेक्षा ते श्रेष्ठ ठरतात आणि हळूहळू जुनाच पगारी पाळक मागच्या दाराने परत येतो, असे त्यांना वाटले. उत्पन्नाचा एकमेव दिसणारा मार्ग तत्त्वासाठी बंद करणारे पाळक कुठेही कमीच भेटतात.

त्याआधीच, मार्च 1834 मध्ये, म्युलरने बायबलचा प्रसार, शाळा आणि सुवार्तिकांना मदत यांसाठी एक संस्था काढली. कर्ज काढायचे नाही, श्रद्धाहीन धनिकांचा आश्रय मागायचा नाही आणि यश पैशांवरून मोजायचे नाही, असे तिचे धोरण होते. एप्रिल 1836 मध्ये विल्सन स्ट्रीटवरील भाड्याच्या घरात मुलींचे अनाथालय सुरू झाले. त्यामागे दया तर होतीच, पण म्युलरने हेतू उघडपणे लिहून ठेवला आहे : देव आजही प्रार्थना ऐकतो, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा लोकांना हवा होता. मुले वाढली, गल्लीतल्या शेजाऱ्यांनी त्रासाची तक्रार केली, तेव्हा ॲशली डाउन टेकडीवर इमारती उभ्या राहू लागल्या. पहिली 1849 मध्ये, पाचवी 1870 मध्ये. पाचही मिळून दोन हजारांवर मुलांची सोय झाली.

टीकाकार म्हणत, मागत नाही म्हणता, पण दरवर्षी अहवाल छापता, त्यात अडचणी आणि चमत्कारिक मदत यांची वर्णने देता. हे मागणेच झाले. आक्षेपात तथ्य आहे. छापील अहवालाशिवाय एवढे दान जमले नसते, हे उघड आहे. पण म्युलरलाही त्याची जाणीव होती. 1841 च्या अखेरीस पैशांची तंगी असताना त्याने वार्षिक सभा आणि अहवाल दोन्ही मुद्दाम लांबणीवर टाकले, ते याचनेसारखे दिसू नये म्हणून. दीड दशलक्षाच्या आसपास पौंड हातांतून गेलेला हा माणूस 1898 मध्ये वारला, तेव्हा त्याची खाजगी मालमत्ता दोनशे पौंडांचीही नव्हती.

कोण आत, कोण बाहेर

पैशाचे प्रश्न कठीण होते, तरी माणसांचे त्याहून अवघड निघाले. पहिला प्रश्न बाप्तिस्म्याचा. म्युलरने शास्त्राभ्यासानंतर प्रौढपणी बुडवून बाप्तिस्मा घेतला होता आणि विश्वास ठेवल्यानंतरचाच बाप्तिस्मा खरा, हे बेथेस्दाचे ठाम मत. मग ज्याचा बाप्तिस्मा फक्त बाळपणी झाला आहे, पण जो मनापासून विश्वास ठेवतो, त्याला सहभागितेत घ्यायचे की नाही? आरंभी उत्तर 'नाही' असे होते. बार्नस्टेपलचे रॉबर्ट चॅपमन यांच्याशी बोलल्यावर म्युलरने पुन्हा विचार केला. असा माणूस शास्त्राच्या दृष्टीने बेशिस्त वागत असेल, तर त्याच्याशी सर्वच संबंध तोडायला हवेत. तसे आपण करत नाही. मग प्रभूच्या मेजावरूनच का दूर ठेवायचे? 1837 मध्ये दार उघडले. काही जणांना हे पटले नाही आणि ते निघून गेले. शिकवण बदलली नाही. ती प्रवेशाची अट राहिली नाही, इतकेच.

खरी कसोटी 1848 मध्ये लागली. बेथेस्दासारख्या ज्या मंडळ्या डब्लिन, प्लिमथ आणि इतरत्र उगवल्या होत्या, त्यांना लोक 'ब्रदरन' म्हणू लागले होते. प्लिमथचे बेंजामिन विल्स न्यूटन यांनी ख्रिस्ताच्या मानवी दुःखभोगाविषयी काही विधाने केली. ती ख्रिस्ताच्या निष्कलंकतेला बाध आणतात, असा आरोप झाला. न्यूटन यांनी स्वतः एका चुकीची कबुलीही दिली. त्यांच्या मंडळीतून आलेल्या काही जणांना बेथेस्दाने चौकशी करून सहभागितेत घेतले. या आलेल्यांची स्वतःची शिकवण निर्दोष होती. पण ब्रदरनांतले एक प्रमुख पुढारी जॉन नेल्सन डार्बी यांच्या बाजूच्या लोकांची मागणी निराळी होती : आधी मंडळीने न्यूटनच्या पुस्तिकांवर निवाडा द्यावा. बेथेस्दाच्या दहा वडिलांनी सह्या करून उत्तर दिले की दुसऱ्या गावच्या वादात आमच्या साध्यासुध्या लोकांना ओढण्याचे कारण नाही. येणाऱ्याची परीक्षा आम्ही करतो, तेवढे पुरे.

डार्बींनी परिपत्रक काढले. बेथेस्दाच्या माणसाला मेजावर घेणारी मंडळीही दूषित, आणि त्या मंडळीशी संबंध ठेवणारीही. वर्ष संपण्यापूर्वी बेथेस्दाने अनेक सभा घेऊन पुस्तिका तपासल्या आणि न्यूटनच्या मतांचे समर्थन करणाऱ्याला प्रवेश नाही, असे जाहीर केले. फूट मात्र सांधली गेली नाही. 'एक्स्क्लूझिव्ह' आणि 'ओपन' ब्रदरन हे दोन प्रवाह तिथून वेगळे झाले.

दहा वडिलांनी जो मार्ग धरला त्याची किंमत मोठी होती, तरी मला तो योग्य वाटतो. पंथाची सत्ता नको म्हणून बाहेर पडलेली माणसे पंधरा-वीस वर्षांतच नवी केंद्रीय सत्ता उभारत होती, तीही बिशपशिवाय, फक्त बहिष्काराच्या धाकाने. बेथेस्दाने ती मानली नाही. स्वतंत्र मंडळीचे स्वातंत्र्य वरच्या सत्तेपासून जितके जपावे लागते, तितकेच बरोबरीच्यांच्या दडपणापासूनही.

गोदावरी, जबलपूर आणि केडगाव

क्रेक 1866 मध्ये वारला. म्युलर वयाच्या सत्तराव्या वर्षी उपदेशाच्या दौऱ्यावर निघाला आणि पुढची सतराएक वर्षे जगभर फिरला. त्याच्या गैरहजेरीत अनाथालयांचा भार जावई जेम्स राइट यांनी वाहिला. मुलगी लिडिया जानेवारी 1890 मध्ये गेल्याची तार म्युलरला जबलपूरला मिळाली.

भारताशी नाते त्याआधीचे होते. ग्रोव्ह्ज बगदादहून 1833 मध्ये मुंबईमार्गे भारतात आले. त्यांनी 1836 मध्ये इंग्लंडहून आणलेले बोडेन आणि बीअर हे दोन कार्यकर्ते गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात, नरसापूरच्या परिसरात स्थिरावले. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या तेलुगू गावांत ब्रदरन मंडळ्या उभ्या राहिल्या. ग्रोव्ह्ज 1853 मध्ये म्युलरच्या घरीच निवर्तले.

महाराष्ट्राशी असलेला दुवा एका पुस्तकातून आला. पंडिता रमाबाईंनी म्युलरचे आत्मकथन वाचले. त्यासोबत चायना इनलँड मिशनची कहाणी आणि जॉन पेटन यांचे चरित्रही. परदेशात देवावर विसंबून अशी कामे चालतात, तर भारतात का चालू नयेत, हा प्रश्न त्यांच्या मनात आला, असे त्यांनी 1907 च्या आपल्या साक्षीत नमूद केले आहे. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींसह केडगावचे मुक्ती सदन याच भरवशावर वाढले. रमाबाईंची वृत्तीही मुळात याच जातीची होती. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा घेतल्यावर चर्चची प्रत्येक शिकवण डोळे मिटून स्वीकारायला त्यांनी नकार दिला होता. त्यावरून तिथल्या जोगिणींपैकी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे.

बेथेस्दाची एक मर्यादा इथेच स्पष्ट होते. पहिल्या सात जणांत बहुसंख्य स्त्रिया असूनही ब्रदरन सभांत स्त्रीने उभे राहून शिकवणे मान्य नव्हते. वडील पुरुषच आणि 1848 च्या पत्राखाली सह्याही पुरुषांच्याच. प्रत्येक विश्वासणारा याजक, हे तत्त्व अर्ध्या मंडळीपर्यंत पोहोचता पोहोचता थांबले. केडगावला प्रार्थना, शिक्षण, शेती, छापखाना, बायबलचे भाषांतर, सारे एका स्त्रीच्या नेतृत्वाखाली आणि बव्हंशी स्त्रियांच्या हातून चालले.

ॲशली डाउनच्या त्या प्रचंड इमारती 1958 मध्ये विकल्या गेल्या; संस्थेने मुलांना लहान कुटुंबवजा घरांत हलवले होते, कारण शेकडो मुलांना एका छताखाली ठेवण्याची पद्धत कालबाह्य झाली होती. म्युलरच्या नावाची संस्था आजही आहे. उघड मागणी न करण्याचे धोरण तिने पुढेही जपले. ओपन ब्रदरन मंडळ्या अनेक देशांत आहेत आणि त्यांचे मुख्य कार्यालय कुठेच नाही. नियम न लिहिणाऱ्यांच्या वारसांना आपले निर्णय पूर्वजांवर ढकलता येत नाहीत. कोणाला मेजावर बसवायचे, पैसे कसे घ्यायचे, बोलण्याचा हक्क कोणाचा, हे प्रत्येक गावच्या मंडळीला आपल्या काळात, शास्त्र उघडून, नव्याने ठरवावे लागते. आणि चुकलेच, तर त्याचा दोष द्यायला वरचे कोणी नसते.