पिशवीसंगं काय गेलं?

आमच्या दारव्ह्याकडे कापूस वेचणीला बायका गोळा झाल्या की जुन्या गोष्टी निघतात. आईने सांगितलेली मोठ्या आत्याची गोष्ट अशीच. डिसेंबरची थंडी, बाकीच्या जणी डोक्याला फडकं गुंडाळून वेचताहेत आणि आत्या पदराचं टोक पाण्यात बुडवून मानेवर घेतेय. "अंगातून आगी निघतात वो माय!" गावाला ती बाहेरची बाधा वाटली. आजीने लिंबू उतरवलं.

खरं कारण पस्तिशीतल्या ऑपरेशनमध्ये होतं. पांढरं पाणी जातं म्हणून ती दवाखान्यात गेली, तिथे गर्भाशयाच्या पिशवीबरोबर दोन्ही निरोगी अंडाशयही काढले. "पुढे कॅन्सरची भीती नको," असं मामाजींना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, सांगितलं. सही त्यांचीच. पाळी जाण्याआधी दोन्ही अंडाशय निघाले की बाईची रजोनिवृत्ती एका दिवसात होते. हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. आत्याचं आधी मनगट मोडलं, मग खुबा.

निरोगी अंडाशय काढण्याची रीत जुनी आहे. १८७२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बॅटी या शल्यचिकित्सकाने पाळीच्या त्रासावर तोच उपाय केला आणि तो पुढे 'वेडा'वरही वापरला गेला. आपल्याकडे बाईला तपासून घ्यायची सोय फारशी नव्हती. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांचा अभ्यास छापला. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, पण त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. आत्या त्याच काळातली.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न गाजला. सरकारी पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हाही बोलणं पिशवीवरच थांबलं, याचा मला राग येतो. किती जणींचे अंडाशय गेले, तेही तितक्याच जोराने विचारायला हवं होतं.

आत्याच्या नातीला त्रेचाळिशीत फायब्रॉइडचं ऑपरेशन सांगितलं, तेव्हा तिने डॉक्टरांना अंडाशयांचं थेट विचारलं. घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर कुणाला नव्हता. असता, किंवा बीआरसीए जनुकातला दोष निघाला असता, तर सल्ला वेगळा असता, असं डॉक्टरांनी समजावलं. ठरलं ते असं: अंडाशय ठेवायचे, बीजवाहक नळ्या मात्र काढायच्या, कारण अंडाशयाचे म्हणवले जाणारे बरेच कॅन्सर नळीतच सुरू होतात. संमतिपत्रावर तिने तसं लिहून घेतलं आणि मगच सही केली. घरी आल्यावर रिपोर्ट उघडून काय काढलं, काय ठेवलं ते तिने आईला वाचून दाखवलं.